‘सर्व ठीक आहे’ म्हणणारा पहारेकरी



वसंत ऋतूतील या ज्ञानसत्रात इतिहास, अर्थकारण, संतवाङ्मय अशा भारदस्त विषयांची पंगत मांडलेली असते. त्या पंगतीत पंचवीस ओळींच्या एका संगणकी पहारेकऱ्याची गोष्ट घेऊन मी बसावे, हे काहींना थोडे विजोड वाटेल. परंतु हा पहारेकरी आज आपणां सर्वांच्या कामांवर नजर ठेवून उभा आहे. आणि त्याच्या खोट्या साक्षीवर विसंबून एका खरे बोलणाऱ्या मुलीवर मी स्वतः अविश्वास दाखविला, म्हणून हा विषय मी मुद्दाम निवडला. त्यात तंत्राचा भाग आहे. पण तो समजण्यास संगणकशास्त्राचे शिक्षण लागत नाही. ज्याने कधी कोणाची साक्ष ऐकली आहे, हिशेब तपासला आहे, किंवा नुसते “घरात कोणी आहे का?” म्हणून दार ठोठावले आहे, त्याला तो समजेल.

पूर्वी सरकारी खजिन्यावरचा पहारेकरी तासातासाला घंटेवर टोल देत असे. गावातली माणसे अंथरुणात पडल्या पडल्या टोल मोजीत आणि निर्धास्त होऊन कुशीवर वळत. पण टोल ऐकू आला याचा अर्थ एवढाच की, टोल देणारा जागा आहे. खजिन्याच्या मागल्या भिंतीला कोणी भोक पाडले आहे की नाही, हे टोलावरून कळत नसे. आजच्या व्याख्यानाचे सार या एका दृष्टांतात आहे. पुढे सांगावयाचे ते त्याचे विवरण होय.

पहारा कशावर ठेवावयाचा?

सातबाराचा उतारा, रेल्वेचे आरक्षण, परीक्षेचा निकाल, महाविद्यालयाचा प्रवेश ही सारी कामे आता संकेतस्थळांवरून होतात. संकेतस्थळ म्हणजे शेवटी कोठेतरी ठेवलेला, रात्रंदिवस चालू असलेला एक संगणक आणि त्यावर चालणारा, मागेल त्याला मागितलेले पान देणारा एक कार्यक्रम. या दोहोंनाही ‘सर्व्हर’ हेच नाव आहे. तो बंद पडला की कचेरीच्या दाराला कुलूप लागले असे समजा. फरक इतकाच की, कुलूप रस्त्यावरून दिसते, हे दिसत नाही. म्हणून त्यावर पहारा ठेवावा लागतो.

आपण आपल्या मोबाइलवर संकेतस्थळाचे नाव लिहितो आणि क्षणात पान उघडते. त्या क्षणात किमान पाच गोष्टी क्रमाने घडतात. पहिली, नावावरून पत्ता शोधणे; हे काम डीएनएस नावाची जगभर पसरलेली नामसूची करते. दुसरी, त्या पत्त्यावर जाऊन दार ठोठावणे आणि ते उघडले जाणे. तिसरी, दारात उभा असलेला खरोखर त्याच घरचा आहे याची ओळख पटवून घेणे. त्यासाठी प्रमाणपत्र दाखवावे लागते आणि त्या प्रमाणपत्रास मुदत असते. चौथी, आपली मागणी सांगणे. आणि पाचवी, उत्तर मिळणे. उत्तराबरोबर तीन आकड्यांचा एक शेरा येतो. दोनशेच्या घरातला आकडा म्हणजे काम झाले. तीनशेच्या घरातला म्हणजे पलीकडच्या खिडकीवर जा. चारशेच्या घरातला म्हणजे तुमच्या मागणीत खोट आहे. आणि पाचशेच्या घरातला म्हणजे आमच्याकडेच बिघाड आहे. ५०३ हा आकडा पुष्कळांनी पाहिला असेल. ‘सेवा सध्या उपलब्ध नाही’ असा त्याचा अर्थ.

आता पहारेकरी. संगणकाला क्रमाने करावयाच्या कामांची जी छोटी यादी लिहून देतात तिला ‘स्क्रिप्ट’ म्हणतात. या स्क्रिप्टमध्ये बहुधा ‘कर्ल’ नावाचे एक अवजार वापरलेले असते. डॅनियल स्टेनबर्ग या स्वीडिश गृहस्थांनी ते १९९८ साली या नावाने प्रसिद्ध केले. त्याचे काम निरोप्याचे: सांगितलेल्या पत्त्यावर जावयाचे आणि मिळेल ते उत्तर आणून द्यावयाचे. दर पाच मिनिटांनी या निरोप्याला पाठवण्याचे काम ‘क्रॉन’ करतो. क्रॉन म्हणजे संगणकातला टोल देणारा शिपाई. निरोप्या परत आला की स्क्रिप्ट नोंदवहीत एक ओळ लिहिते: ‘ठीक’. तो हात हलवीत आला तर ती संबंधित माणसाच्या मोबाइलवर संदेश पाठवते. योजना साधी आहे. साधी असल्यामुळेच तिच्यातले खड्डे झाकलेले राहतात.

एका रात्रीची हकीकत

काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या शिष्यवृत्तीच्या अर्जांचे संकेतस्थळ सांभाळण्याचे काम माझ्याकडे होते. अर्जाची मुदत एका रात्री बारा वाजता संपणार होती. त्या रात्री अकराच्या सुमारास बाहेरगावच्या एका मुलीचा दूरध्वनी आला. “सर, अर्ध्या तासापासून अर्ज पाठवते आहे, पण तो जातच नाही.” मी समोरची नोंदवही पाहिली. दहा पन्नास, ठीक. दहा पंचावन्न, ठीक. अकरा, ठीक. मी तिला म्हणालो, “ताई, आमच्याकडे सर्व ठीक आहे. तुमच्या बाजूचे नेट एकदा तपासून पाहा.” ती “बरं सर” म्हणाली आणि तिने दूरध्वनी ठेवला. मी शांतपणे झोपी गेलो.

सकाळी साडेसातला उठून पाहतो तो मोबाइलवर पंधरा-वीस न घेतलेले दूरध्वनी! संकेतस्थळाचे पहिले पान उघडत होते. संस्थेचे बोधचिन्ह, सूचना, सारे जागच्या जागी होते. पण अर्ज भरून ‘पाठवा’ या शब्दावर बोट ठेवले की ५०० हा शेरा येई. सर्व्हरच्या स्वतःच्या नोंदवह्या वाढत वाढत तबकडी काठोकाठ भरली होती. त्यामुळे डेटाबेसला, म्हणजे अर्ज साठवण्याच्या दप्तराला, एक अक्षरही नवे लिहिता येत नव्हते. रात्री दहा वाजून वीस मिनिटांपासून ही स्थिती होती. आणि आमचा पहारेकरी दर पाच मिनिटांनी रात्रभर लिहीत होता: ठीक, ठीक, ठीक.

तबकडी रिकामी करण्यास वीस मिनिटे लागली. संस्थेने मुदत दोन दिवस वाढविली. पण माझ्या मनातून एक गोष्ट जाईना. बिघाड कोणाच्याही सर्व्हरमध्ये होऊ शकतो. मी मात्र प्रत्यक्ष दारात उभ्या असलेल्या माणसाचे म्हणणे बाजूला सारून, ज्याची कधी परीक्षाच घेतली नव्हती अशा साक्षीदारावर भरवसा ठेवला होता. तेव्हा सर्व्हरची दुरुस्ती संपली आणि पहारेकऱ्याची चौकशी सुरू झाली.

चौकशीचा क्रम

अशा चौकशीत पहिला मोह होतो तो स्क्रिप्टच्या ओळी वाचून दोष शोधण्याचा. हा मार्ग फसवा आहे. वाचताना आपण तीत काय लिहिले आहे ते न वाचता, आपल्याला काय लिहावयाचे होते तेच वाचतो. खरा मार्ग असा की, सरावासाठी एक दुसरा सर्व्हर घ्यावा, तो मुद्दाम बिघडवावा आणि पहारेकरी ओरडतो की नाही ते पाहावे. आम्ही तसा सर्व्हर घेतला, त्यावरचा डेटाबेस बंद केला आणि स्क्रिप्ट हाताने चालवली. उत्तर आले: ठीक. म्हणजे दोष हाती सापडला. यापुढचे काम एकेक दुवा तपासण्याचे.

पहिला दोष प्रश्नातच होता. पहारेकरी पहिले पान मागत असे, आणि ते पान आधीच तयार करून ठेवलेले होते. ते देण्यासाठी दप्तर उघडावेच लागत नसे. दुकानाची पाटी दिसते म्हणून आत माल आहे असे ठरविण्यासारखे हे झाले. काही जण तर याहूनही अलीकडे थांबतात आणि केवळ ‘पिंग’ करतात. पिंग हे साधन अमेरिकन सैन्याच्या एका प्रयोगशाळेत माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिले. पाणबुडी शोधताना ध्वनी पाठवून प्रतिध्वनी ऐकतात, त्यावरून त्यांनी हे नाव दिले. उपयुक्त साधन आहे. पण पिंगला उत्तर आले तर यंत्र जिवंत आहे एवढेच कळते. त्यावरचा पाने देणारा कार्यक्रम मेलेला असला तरी पिंगला उत्तर येते. आणि उलट, कित्येक ठिकाणी सुरक्षिततेसाठी पिंगला उत्तर देण्याची मनाईच असल्याने, सर्व काही सुरळीत असूनही उत्तर येत नाही. म्हणून लोक ज्या कामासाठी दारात येतात तेच काम पहारेकऱ्याने करून पाहिले पाहिजे. आम्ही एक स्वतंत्र पान केले. ते मागितले की सर्व्हर दप्तरात एक छोटी नोंद लिहितो, ती परत वाचतो, आणि दोन्ही जमले तरच २०० हा शेरा देतो.

हे केले, पुन्हा डेटाबेस बंद केला, पुन्हा स्क्रिप्ट चालवली. उत्तर आले: ठीक!

दुसरा दोष निरोप्याच्या स्वभावात होता. संगणकाच्या जगात प्रत्येक अवजार काम संपल्यावर एक आकडा मागे ठेवून जाते. शून्य म्हणजे यश. दुसरा कोणताही आकडा म्हणजे अपयश. आपल्या शाळांतील रीत येथे उलटी आहे. येथे शून्य मिळविणाराच उत्तीर्ण! आमची स्क्रिप्ट हा आकडा पाहून निर्णय देत असे. पण कर्लच्या दृष्टीने पत्ता सापडला, दार उघडले आणि उत्तर मिळाले, की काम यशस्वी. त्या उत्तरावर ५०० असा शेरा असला तरी तो शून्यच ठेवतो. त्याची चूक नाही. निरोप पोचवणे हे त्याचे काम, निरोपातला मजकूर पारखणे हे नव्हे. मात्र सांगितले तर तो पारखतो. ‘वजा-एफ’ अशी एक खूण त्याच्या नावापुढे लिहिली, की चारशे किंवा त्याहून मोठा शेरा आल्यास तो अपयश मानतो आणि २२ हा आकडा ठेवतो.

ती खूण लिहिली. आता पडद्यावर ५०० चा शेरा स्पष्ट दिसला, आणि त्याच्याच खाली ओळ उमटली: ठीक!

तिसरा दोष सर्वांत खोल होता. कोणी एकाने पूर्वी चांगल्या हेतूने एक सुधारणा केली होती. निरोप्याने आणलेले उत्तर पडद्यावरही दिसावे आणि वहीतही उतरावे, म्हणून त्याने कर्लपुढे एक नळी जोडून तिला ‘टी’ नावाचे अवजार बसवले होते. नळजोडणीत एका नळाचे दोन फाटे करण्यासाठी जो ‘टी’ बसवतात त्याच्यावरूनच हे नाव आले. पण नळीने जोडलेल्या अवजारांचा नियम असा की, मागे राहणारा आकडा हा साखळीतल्या शेवटच्या अवजाराचा असतो. कर्ल अपयशाचा आकडा ठेवी. पण त्याच्यामागून टी आपले काम करी, वहीत मजकूर उतरवी, आणि सुखरूप शून्य ठेवी. स्क्रिप्ट ते शून्य पाही आणि ‘ठीक’ म्हणून लिही. म्हणजे ज्या दिवशी ही सुधारणा झाली त्या दिवसापासून आमचा पहारेकरी संकट ओळखूच शकत नव्हता. सर्व्हर जाळून टाकला असता तरी त्याने ‘ठीक’ असेच लिहिले असते! या दोषावर उपाय सोपा आहे: साखळीतले कोणतेही अवजार नापास झाले तर सारी साखळी नापास धरावी, असे बॅशला, म्हणजे स्क्रिप्ट वाचून ती चालवणाऱ्या कार्यक्रमाला, एका ओळीत सांगता येते. त्या सूचनेचे नाव ‘पाइपफेल’.

आता हाताने चालवल्यावर स्क्रिप्ट बरोबर ओरडू लागली. संदेश मोबाइलवर आला. आम्ही समाधानाने तिला क्रॉनच्या स्वाधीन केले आणि खात्रीसाठी डेटाबेस पुन्हा बंद केला. पाच मिनिटे गेली, दहा गेली, मोबाइल मुका!

हा चौथा दोष. आपण स्वतः स्क्रिप्ट चालवतो तेव्हा कोणते अवजार कोणत्या कपाटात आहे याची आपली लांबलचक यादी तिच्या हाताशी असते. क्रॉन चालवतो तेव्हा ती यादी बहुधा दोनच कपाटांची असते. संदेश पाठवण्याचे आमचे अवजार तिसऱ्या कपाटात होते. क्रॉनला ते सापडले नाही, आणि तशी रीतसर तक्रारही त्याने लिहिली होती. पण ती त्याच संगणकातील अशा टपालपेटीत, जी कोणी कधी उघडीत नव्हते. अवजाराचा पूर्ण पत्ता लिहून दिल्यावर काम झाले. जो कार्यक्रम क्रॉनकडून चालवावयाचा त्याची परीक्षा क्रॉनकडूनच घ्यावी, हा धडा यातून मिळाला.

पाचवा दोष आम्ही शोधून काढला, कारण एव्हाना आमचा विश्वास पुरता उडाला होता. सर्व्हर बंद न करता तो नुसता गप्प बसवला, म्हणजे दार उघडावे पण बोलू नये, तर काय होईल? निरोप्या उभाच राहिला. कर्लला सांगितले नसेल तर दार उघडण्याची तो पाच मिनिटे वाट पाहतो, आणि एकदा दार उघडल्यावर उत्तरासाठी किती थांबावे याला मर्यादाच नसते. पाच मिनिटांनी क्रॉनने दुसरा निरोप्या पाठवला, मग तिसरा. दारात रांग लागली आणि एकही परत येऊन काही सांगेना. म्हणून निरोप्याला सांगावे लागते की, दहा सेकंद थांब, मग परत ये आणि उत्तर नाही म्हणून सांग. आणि पहिला परत येईपर्यंत दुसऱ्याने निघू नये असे कुलूपही घालावे लागते.

शेवटी नोंदवही सुधारली. नुसते ‘ठीक’ किंवा ‘बिघाड’ न लिहिता, निरोप्याने ठेवलेला आकडा, सर्व्हरचा शेरा आणि लागलेला वेळ आम्ही लिहू लागलो. कर्लचे आकडे बोलके असतात. ६ म्हणजे नावावरून पत्ताच सापडला नाही. ७ म्हणजे दार उघडले नाही. ६० म्हणजे प्रमाणपत्र पटले नाही. २८ म्हणजे वेळ संपली. आणि २२ म्हणजे उत्तर आले, पण नकाराचे. आरंभी सांगितलेल्या पायऱ्यांपैकी कोणती तुटली हे या एका आकड्यावरून कळते, आणि मध्यरात्री उठवलेल्या माणसाला कोठून सुरुवात करावी ते समजते.

खोटी हाकाटी

येथवर आपण न ओरडणाऱ्या पहारेकऱ्याचा विचार केला. उगाच ओरडणारा पहारेकरीही तितकाच घातक असतो. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण सर्वांनी बालपणी ऐकली आहे. तीत शेवटी लांडगा खरोखर येतो हे विसरू नये.

याचे एक मोठे उदाहरण ३० सप्टेंबर २०२१ रोजी घडले. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था संकेतस्थळांना विनामूल्य प्रमाणपत्रे देते. तिच्या प्रमाणपत्रांना जुनी यंत्रे ज्या एका मूळ प्रमाणपत्राच्या आधारावर ओळखीत, त्याची मुदत त्या दिवशी संपली. नव्या यंत्रांजवळ दुसरे मूळ प्रमाणपत्र होते, त्यामुळे बहुतेक लोकांना संकेतस्थळे नेहमीसारखी दिसत राहिली. परंतु ज्या संगणकांवर प्रमाणपत्रे तपासणारी जुनी सामग्री होती, त्यांना ती संकेतस्थळे एकाएकी अनोळखी वाटू लागली. अशा संगणकावर पहारेकरी बसवला असेल, तर तो ‘बिघाड, बिघाड’ म्हणून ओरडणार आणि सर्व्हर मात्र धडधाकट असणार. आजारी पडलेला असतो तो पहारेकरीच.

अशा वेळी पुष्कळ जण एक सोपी पळवाट काढतात. ‘वजा-के’ ही खूण लिहिली की निरोप्या प्रमाणपत्र तपासणेच सोडून देतो आणि हाकाटी थांबते. पण मग उद्या प्रमाणपत्राची मुदत खरोखरच संपली, तरी तो गप्पच राहील. त्यापेक्षा पहारेकऱ्याची सामग्री अद्ययावत करावी, आणि प्रमाणपत्राची मुदत संपण्यापूर्वी काही दिवस आधी सूचना मिळेल अशी वेगळी तपासणी ठेवावी.

क्षणिक अडथळ्यांचा प्रश्न वेगळा. जाळ्यात कोठेतरी क्षणभर खोळंबा होतो आणि एखादी फेरी वाया जाते. अशा प्रत्येक वेळी माणसाला झोपेतून उठवले तर चौथ्या रात्री तो मोबाइल बंद करून झोपेल. म्हणून पहिली फेरी फसली की अर्ध्या मिनिटाने दुसरी करावी, मग तिसरी. तिन्ही फसल्या तरच संदेश पाठवावा. यात मिनिट-दीड मिनिट जाते, ते मुकाट्याने सोसावे.

पहारेकरी उभा कोठे आहे?

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. पहारेकऱ्याने ज्या घरावर पहारा करावयाचा, त्याच घरात तो राहत असेल तर घराला आग लागल्यावर तोही आत सापडतो.

२८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉन कंपनीच्या ‘एस-थ्री’ या साठवणसेवेचा अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनिया भागातला कारभार चार तासांहून अधिक काळ विस्कळीत झाला. थोडे सर्व्हर बाजूला काढण्यासाठी दिलेल्या आज्ञेत एक तपशील चुकला आणि भलतेच जास्त सर्व्हर निघून गेले. असंख्य संकेतस्थळे त्या सेवेवर अवलंबून असल्याने तीही आडवी झाली. पण येथे आपल्याला हवी ती गोष्ट पुढची आहे. सेवा चालू आहेत की नाहीत हे जगाला दाखवणारा कंपनीचा जो फलक होता, तो बदलण्याची व्यवस्थाही याच एस-थ्रीवर अवलंबून होती. त्यामुळे पहिले दोन तास फलकावरची सेवांची स्थिती बदलताच येईना! कंपनीने हे सारे आपल्या निवेदनात स्वतःच सांगितले, हे तिला भूषणावह आहे.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक सुमारे सहा तास जगाच्या नकाशावरून पुसले गेले. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने त्यांच्या केंद्रांना जोडणारे जाळेच तुटले. अशा घातक आज्ञा अडवण्यासाठी एक तपासनीस कार्यक्रम ठेवलेला होता. त्याच्यातच दोष असल्याने त्याने ती आज्ञा जाऊ दिली. दुरुस्तीची त्यांची नेहमीची साधनेही त्याच जाळ्यावर चालत असल्याने कामी येईनात, आणि अभियंत्यांना प्रत्यक्ष केंद्रांवर जावे लागले. जगातील सर्वांत संपन्न कंपन्यांची ही गत, तर आपली काय कथा!

म्हणून पहारेकरी बाहेर ठेवावा; शक्य तर दोन वेगवेगळ्या ठिकाणी दोन ठेवावेत. पण मग लगेच शंका येते ती अशी की, पहारेकरीच मेला तर? आमची स्क्रिप्ट ज्या संगणकावर होती त्याची वीज गेली असती तर एकही संदेश आला नसता, आणि ती शांतता आम्ही ‘सर्व ठीक’ अशीच वाचली असती.

याचे उत्तर संगणकाच्या पुष्कळ आधी रेल्वेने दिले आहे. जुन्या हाताच्या सिग्नलचा पाखा आडवा असला की धोका, आणि खाली पडला की गाडीला वाट मोकळी. ‘सिग्नल पडला, गाडी आली’ असे आपण म्हणत असू ते यावरूनच. हा पाखा केबिनमधून तार ओढून खाली आणीत. तार मध्येच तुटली तर? पाख्याला अशा रीतीने वजन जोडलेले असे की, तार तुटताच तो आपोआप आडवा होई. म्हणजे यंत्रणा मोडली तर ती धोक्याच्या बाजूने मोडे. वाट मोकळी आहे असे सांगण्यास कष्ट पडत. धोका सांगण्यास काहीच करावे लागत नसे.

आमच्या स्क्रिप्टची रचना नेमकी याच्या उलट होती. धोका सिद्ध झाला नाही की ती ‘ठीक’ म्हणे. आम्ही ती फिरवली. आता ती आरंभीच ‘बिघाड’ असे गृहीत धरते. पाचही पायऱ्या पार पडल्या, शेरा २०० आला आणि पानात अपेक्षित शब्द सापडला, तरच ती ‘ठीक’ लिहिते. शिवाय प्रत्येक फेरीनंतर ती दूरच्या एका दुसऱ्या संगणकाला ‘मी जागी आहे’ म्हणून कळवते. पंधरा मिनिटे ही हाक गेली नाही तर तो दुसरा संगणक आम्हाला उठवतो. आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी सरावाचा सर्व्हर मुद्दाम बंद पाडून सारी साखळी तपासण्याचा आम्ही नेम केला आहे. आगीचा बंब बाहेर काढून पाहण्यासारखेच हे आहे.

आकडा आणि माणूस

या व्यवसायात टक्क्यांची भाषा फार चालते. आमची सेवा शेकडा ९९.९ वेळ उपलब्ध असते, असे अभिमानाने सांगतात. वर्षाचे तास ८,७६०; त्यांतला हजारावा भाग म्हणजे पावणेनऊ तास. ऐकताना हे क्षुल्लक वाटते. त्या रात्रीचा आमचा बिघाड साडेनऊ तासांच्या आतबाहेरच होता. म्हणजे वर्षाच्या हिशेबात आम्ही जवळजवळ उत्तीर्णच होतो! पण ज्यांना अर्ज करावयाचा होता त्यांच्यासाठी ती एकच रात्र होती. सरासरी काढणाऱ्याला सारे तास सारखे असतात. दारात उभ्या असलेल्याला नसतात.

त्या मुलीचा अर्ज वाढीव मुदतीत आला. मी तिला दूरध्वनी करून सांगितले, “ताई, तुमचे बरोबर होते, चूक आमच्याकडे होती.” ती म्हणाली, “सर, मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. मी रात्रभर पुन्हा पुन्हा भरत बसले होते.” तिचे हे शब्द मला तबकडी भरण्यापेक्षा अधिक बोचले. यंत्राने ‘ठीक’ म्हटले की आपण माणसाला खोटे ठरवतो. आणि त्याहून वाईट म्हणजे, ते माणूसही स्वतःलाच खोटे ठरवू लागते.

त्या दिवसापासून आमच्या कामाच्या खोलीत एक नियम आहे. बाहेरून कोणी “चालत नाही” म्हणाले आणि आतली वही “ठीक” म्हणाली, तर पहिली चौकशी वहीची. दहापैकी नऊ वेळा दोष सांगणाऱ्याच्याच बाजूला निघेल, हे मान्य. पण दहाव्या वेळेसाठीच तर पहारा ठेवलेला असतो.

आपणांपैकी फारच थोड्यांना अशी स्क्रिप्ट लिहावी लागेल. परंतु बँकेच्या खिडकीशी, कचेरीच्या टेबलाशी, “सिस्टीममध्ये तर बरोबर दिसते आहे” हे वाक्य आपणां सर्वांना ऐकावे लागणार आहे, आणि काहींना ते उच्चारावेही लागणार आहे. ते ऐकाल तेव्हा नम्रपणे एक प्रश्न विचारा: जे बरोबर दिसते आहे, ते चुकीचे असते तर वेगळे दिसले असते का? या प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर येत असेल तरच त्या साक्षीला किंमत आहे.